मंदीच्या तलावातली पायरी

३ मार्च, सोमवार

लागलो एकदाचा कामाला! आईला सांगितलं—नगरपालिकेच्या ऑफिसात. अगदीच खोटं नाही. तलावाच्या दारात ऑफिस आहे आणि माझी सही तिथेच होते. फक्त सही झाल्यावर मी जाळी घेऊन बाहेर येतो आणि पाण्यावरची पानं काढतो, एवढंच.

खोक्यांचा कारखाना बंद पडल्यापासून घरीच होतो. आता सरकारने ही योजना काढली आहे—ज्यांची कामं गेली त्यांना सार्वजनिक जागी काम. माझ्या वाट्याला पोहण्याचा तलाव आला. मला पोहता येत नाही. तसं कुणी विचारलंही नाही. जॅकेट दिलं आहे, भडक निळं, पाठीवर या एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘योजना’. येताना उलटं करून घातलं.

तलावाच्या दारावर नगरपालिकेची पाटी आहे, पण सगळे म्हणतात मंदीचा तलाव. कुठली मंदी ते कुणालाच माहीत नाही. आजोबांच्या तरुणपणी एक मोठी आली होती, तीच असावी.

दुपारी लांब दांड्याच्या ब्रशने खोल बाजूच्या भिंती घासल्या. ब्रश खाली जाता जाता अडकला. पाण्याखाली भिंतीला धरून एक पायरी आहे. अरुंद. खोल भागाच्या तिन्ही बाजूंनी सलग गेली आहे. वर येत नाही, खाली उतरत नाही—नुसतीच आहे! कशासाठी असेल? विचारणार होतो. पण पहिल्याच दिवशी प्रश्न नको.

४ मार्च, मंगळवार

जॅकेट पिशवीत घालून नेलं. गल्लीत कुणी बघितलं नाही. बहुतेक.

६ मार्च, गुरुवार

पायरी कशासाठी ते कळलं. म्हणजे, कोण वापरतं ते कळलं.

सकाळी सगळ्यांत आधी म्हाताऱ्या बायका येतात. उथळ बाजूने उतरतात, काठाचा पाइप धरतात आणि त्या पायरीवरून खेकड्यांसारख्या तिरक्या चालत खोल भागाला पूर्ण वळसा घालतात. एकीलाही पोहता येत नाही. पाणी छातीपर्यंत, तोंडं अखंड चालू. सुना, गुडघे, कुणाचा जावई—सगळं. समोरच्या आखूड भिंतीपाशी पोचल्या की पुढची ओरडते, ‘उंबरठा आला गं!’ आणि एकेक जण पाय उचलते. पायरी तिथे मध्येच दोन बोटं उंच झाली आहे.

मी जाळी फिरवत होतो.

‘अरे, डोक्यात घालशील माझ्या!’

‘नाही आजी.’

‘आजी कुणाला म्हणतोस? मावशी म्हण. आजी ती, मागची.’

मागची म्हणाली, ‘दात माझे सगळे आहेत, तुझे मोज आधी!’

हसू आवरलं नाही. ऑफिसातल्या साहेबांनी बघितलं असेल का?

ताई मात्र चांगली आहे. ताई म्हणजे जीवरक्षक. (भिंतीवरच्या सूचनेत ‘जिवरक्षक’ लिहिलं आहे. रोज डोळ्यांत खुपणार आता.) गळ्यात शिट्टी, उंच खुर्चीवर बसते, सगळ्यांना नावं ठेवते. म्हणाली, ‘मी इथेच शिकले. माझी आईपण. आधी त्या पायरीवर उभं राहायचं, पाण्याची भीती मोडायची, मग पोहणं. तू कधी उतरणार?’ मी म्हटलं, माझं काम जाळीचं आहे.

८ मार्च, शनिवार

वाईट बातमी. चोवीस तारखेला तलाव रिकामा करणार. दुरुस्ती, नवीन फरशी, शर्यतींसाठी आखलेल्या पट्ट्या. साहेबांनी आम्हा योजनेच्या पोरांना ओळीत उभं करून सांगितलं. तलाव बंद म्हणजे आमची मुदतही तिथेच संपली. चार महिने म्हणाले होते, तीन आठवड्यांतच गुंडाळणार!

इंजिनिअर आला होता. तरुण आहे, हसरा. काठावर पालथा पडून त्याने माझ्या ब्रशच्या दांड्याने पायरी चाचपली. ‘ही कुठल्या शहाण्याने काढली? नकाशात नाही. पोहणाऱ्याचा पाय आपटेल यावर. जाणार ही.’

घरी जेवताना हेच सांगत होतो. अर्थात ऑफिसात ऐकल्यासारखं. म्हटलं, ‘तलावात पाण्याखाली एक पायरी आहे म्हणे, कुणीतरी उगीचच बांधलेली, ती फोडणार आहेत.’

आजोबांचा हात थांबला. (आजोबा म्हणजे आईचे वडील. बाबा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. जन्मभर गवंडीकाम केलं. बोलतात कमी, तेही बहुतेक रेडिओशी.)

‘रुंद किती आहे?’ त्यांनी विचारलं.

‘वीतभर असेल. थोडी जास्तच.’

‘वीत आणि चार बोटं.’

आणि ताटाशेजारी पंजा पसरून त्यांनी वीत घातली, तिच्यापुढे दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवली. आता बोटं वाकडी झाली आहेत, नीट टेकत नाहीत. आई म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला काय ठाऊक?’

‘उगीच नाही बांधली,’ एवढंच बोलले. हात धुवायला उठले.

९ मार्च, रविवार

आज सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून. एकेक शब्द, अडकलेली बादली विहिरीतून काढावी तसा. आईसुद्धा इस्त्री थांबवून ऐकत होती. तिलाही माहीत नव्हतं! मुलगी असून!

मंदीत बांधकामं बंद पडली. आजोबांना काम नाही. सरकारने शहरात ठिकठिकाणी कामं काढली. शक्य तितकी माणसं लागावीत म्हणून यंत्र वापरायला बंदी, सगळं फावड्याने आणि टोपलीने. तलाव तसाच खणला. आजोबा खोल बाजूच्या टोळीत. पोहायचा तलाव म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या एकानेही बघितलेलं नव्हतं. नकाशात खोल भाग दोन पुरुष खोल. सरळ भिंत, धरायला काही नाही. ‘आम्ही खड्ड्यात उभे राहून वर बघायचो,’ आजोबा म्हणाले. ‘एवढं पाणी! पोरं येणार इथे. आमचीच येणार. एखादं घसरलं तर पाय कुठे ठेवेल?’

मुकादमही पोहता न येणारा. तो म्हणाला, करा काय करायचं ते, मी त्या बाजूला बघत नाही.

टोळीत एक ठेंगू होता. सगळ्यांत बुटका. त्याला भिंतीला टेकवून उभं केलं. पाण्याची रेघ कुठे येणार ते नकाशात होतं. ठेंगूचे खांदे त्या रेघेच्या वर येईपर्यंत त्याच्या पायाखाली विटा ठेवत गेले. जिथे खांदे वर आले, तिथे पायरी. ‘पोहणाऱ्यांचं पोहणारे बघतील,’ आजोबा म्हणाले. ‘न पोहणाऱ्यांचं कुणी बघायचं?’

मग तपासनीस आला. पायरी बघून लालबुंद! नकाशाबाहेरचं काम, ताबडतोब फोडा. आजोबांनीच उत्तर दिलं होतं. ‘फोडतो साहेब. पंधरा दिवस लागतील. तेवढी मजुरी मंजूर करा, उद्या सकाळी सुरू करतो. नंतर अजून काही चुकीचं बांधायचं असेल तर तेही सांगा.’

आई एवढी हसली! मीही. तपासनिसाने म्हणे वर विचारलं. उत्तर आलं—बांधायला पैसे आहेत, फोडायला मंजूर नाहीत. म्हणून राहिली.

बघितलं नव्हतं मी आजोबांना असं बोलताना.

११ मार्च, मंगळवार

म्हटलं, चला ना बघायला. चोवीस तारखेच्या आत.

‘नाही.’

१२ मार्च, बुधवार

परत विचारलं. रेडिओचा आवाज वाढवला.

१३ मार्च, गुरुवार

आज कारण कळलं.

तलावात पाणी भरलेलं आजोबांनी कधी बघितलेलंच नाही. प्रत्येक टोळीची पाळी संपली की दुसरी यायची. यांची पाळी संपली तेव्हा खड्डा कोरडा होता. पुढे कामासाठी परगावी गेले, परत आले, लग्न, आई झाली. तलाव घरापासून चालत जाण्यासारखा—आणि हा माणूस त्या रस्त्याने गेलाच नाही!

‘आम्हाला टेकू म्हणायचे,’ आजोबा म्हणाले. ‘फावड्याला टेकून उभे राहतात आणि सरकारचं खातात, म्हणून. रस्त्यातून चाललो की पोरं ओरडायची, टेकू आले, टेकू आले! तुझ्या आजीच्या माहेरी मी सांगितलंच नव्हतं की मी त्या कामावर होतो. गवंडी म्हणून सांगितलं. गवंडी होतोच की.’

पिशवीतलं जॅकेट पिशवीत. मी जाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतानासुद्धा इकडे तिकडे बघतो—कुणाला वाटायला नको की हा नुसता उभा आहे. शेवटी काढलं बाहेर. पलंगावर पसरून ठेवलं, अक्षरं वर करून.

आजोबांनी ‘योजना’वरून हात फिरवला. ‘कापड बरं दिलंय. आम्हाला काही नव्हतं.’

‘आजोबा, मी ऑफिसात नाही.’

‘ठाऊक आहे रे. ऑफिसातून आलेल्या माणसाच्या अंगाला क्लोरीनचा वास येतो का? तुझ्या आईलाही ठाऊक आहे.’

आई आतून, ‘मला वाटलं, सांगेल त्याचा तो.’

दहा दिवस मी जॅकेट उलटसुलट करतोय!

१४ मार्च, शुक्रवार

जॅकेट घालूनच गेलो. सुलट. कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणाला, ‘अरे, तलावावर आहेस होय? माझ्या पोराला दुपारचं सोडतात का आत?’ बस. एवढंच झालं.

१५ मार्च, शनिवार

आजोबांना म्हटलं, मलाही पोहता येत नाही. मी उतरतो, तुमच्या पायरीवर उभा राहतो, मग तुम्ही या. म्हणाले, ‘तू? तू तर न्हाणीघरात चप्पल घालून जातोस.’

सोमवारी उतरणार. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१७ मार्च, सोमवार

उतरलो! पाइप इतका घट्ट धरला की तळहाताला वळ उठले. पाणी छातीत दाबतं, श्वास अर्धाच होतो. पण पायाखाली ती होती. खडबडीत, पक्की. आज्यांच्या मागे मागे खेकडा होऊन अर्धा वळसा घातला. ‘उंबरठा आला गं!’—मीही उचलला पाय.

ताईला सगळं सांगितलं. ती शिट्टी चावत बसली. मग म्हणाली, ‘आण त्यांना. शनिवारी सकाळी, शेवटच्या दिवसाच्या आधी. पण मला खुर्ची सोडता येत नाही. त्या वयाचा माणूस पायरीवरून चालणार तर त्याच्या बाहेरच्या बाजूला कुणीतरी पाण्यात पाहिजे. तिथे पाय टेकत नाहीत. तू राहशील?’

‘मला येत नाही.’

‘आज सोमवार आहे,’ ताई म्हणाली.

१८ मार्च, मंगळवार

हात सोडता येत नाही. ताई म्हणते सोड, मी म्हणतो सोडतो, हात सोडत नाही. नाकातोंडात पाणी. एक आजी म्हणाली, ‘पोराला राहू दे गं, मला माझ्या नातवाची आठवण येते.’ दुसरी म्हणाली, ‘तो बुडाला का?’ ‘नाही गं, वकील झाला.’

१९ मार्च, बुधवार

इंजिनिअर पट्टी घेऊन आला तेव्हा आज्या पाण्यातच होत्या. तो नेहमीसारखा हसून म्हणाला, ‘आजी, पुढच्या वर्षी एकदम नवा तलाव मिळेल, शर्यती होतील इथे.’

पुढची आजी चालता चालता थांबली. सगळी रांग थांबली.

‘शर्यतीत आम्ही उभं कुठे राहायचं, बाळा?’

त्याने पट्टी खाली ठेवली. बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठावर बसून पाय सोडले. पायरीपर्यंत पोचत नव्हते. तसाच बसून रांग जाताना बघत राहिला.

माझं आजही जमलं नाही. दोन श्वास हात सोडला आणि परत पाइप. शनिवार जवळ येतोय.

२० मार्च, गुरुवार

जमलं!! ताईने युक्ती सांगितली—पाण्याला मारू नकोस, खाली सायकल चालव. सायकल मला येते! खोल भागात, हात मोकळे, पाय हलते, डोकं वर. ताईने खुर्चीवरून शिट्टी वाजवली, आज्यांनी पाणी उडवलं.

घरी सांगितलं. आजोबा रेडिओकडे बघत होते. मग आईला विचारलं, ‘माझी ती काळी अर्धी चड्डी कुठाय?’

२२ मार्च, शनिवार

सावकाश लिहितो. विसरायला नको काही.

आई, मी, आजोबा. आजोबा दारापाशी अडले. त्यांना वाटत होतं, आत कुणी हटकेल. तिकीटवाल्याने माझं जॅकेट बघितलं आणि म्हणाला, ‘घरचे का? जा जा.’ आत येऊन पाणी दिसलं. आजोबा उभेच राहिले. मी खांद्याला धरलं. ‘निळं आहे रे,’ म्हणाले. ‘आम्ही बघितलं तेव्हा मातकट होतं सगळं.’

उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून उतरवलं. पहिलं पाऊल पाण्यात—‘थंड आहे की! आम्ही बर्फ घालायला नव्हतं सांगितलं.’ आज्या आधीच ओळीत होत्या. मी सांगितलं यांनी बांधली म्हणून. एकदम कल्ला!

‘तो उंबरठा तुमचा होय? माझा अंगठा ठेचतो रोज!’

‘माझा नाही,’ आजोबा म्हणाले. ‘मी या कोपऱ्यातून येत होतो, ठेंगू त्या कोपऱ्यातून. मध्ये गाठ पडली तेव्हा त्याची बाजू दोन बोटं वर. माझी बघा, सरळ आहे. चूक त्याची. गेला तो आता, पण चूक त्याचीच.’

‘मेलेल्या माणसावर ढकलता का?’

‘मेला नसता तरी ढकललं असतं. भांडण तेव्हाचंच आहे.’

मग निघालो. ते पायरीवर, पाइप धरून. मी बाहेर, पाय हलवत, एक हात त्यांच्या पाठीशी. लावला नाही—नुसता जवळ ठेवला. आई काठाने आमच्याबरोबर चालत होती, तिच्या हातात टॉवेल आणि डोळे नुसते आजोबांच्या हातांवर. ताई खुर्चीत उभी राहिली होती. आजोबा पायाने चाचपत होते, बोटांनी, अंधारात खोली ओळखावी तसे. मध्येच म्हणायचे, ‘हं. हं.’ कोपरा वळून समोरच्या भिंतीशी आलो. त्यांची भिंत. उंबरठ्याच्या अलीकडे थांबले. पायाच्या अंगठ्याने तो दोन बोटांचा उंचवटा दाबून बघितला.

‘ठेंगू म्हणत होता, पाणी भरलं की कुणाला दिसणार आहे? मी म्हटलं, पायाला दिसेल.’

पाणी त्यांच्या छातीवर हलत होतं. आज्या वाट देऊन मागे थांबल्या होत्या. आजोबांनी हळूच पाठ भिंतीला लावली. दोन्ही कोपरं मागे पाइपवर. आणि सगळा भार सोडून दिला.

‘बघ,’ मला म्हणाले. ‘टेकलो.’

मी हसायला गेलो आणि नाकात पाणी गेलं. त्यांनीच दंड धरून मला पायरीवर ओढलं.

२३ मार्च, रविवार

आजोबांचे पाय दुखताहेत. आई तेल लावते आहे. दोघं कुजबुजत आहेत, हसतातही. मी मध्ये जात नाही.

२४ मार्च, सोमवार

पाणी सोडलं. दिवसभर उतरत होतं. संध्याकाळी पायरी कोरडी पडली. एवढी साधी दिसते! वीत आणि चार बोटं, राखाडी. कुठे नाव नाही, तारीख नाही. तीन ठिकाणी आज्यांच्या पावलांनी गुळगुळीत झाली आहे.

ताईला दुसऱ्या तलावावर पाठवलं. जाताना शिट्टी वाजवून गेली.

२५ मार्च, मंगळवार

घरी. जॅकेट धुऊन घडी करून ठेवलं. परत मागतील.

२७ मार्च, गुरुवार

साहेबांनी बोलावलं. जॅकेट घेऊनच गेलो. म्हणाले, ठेव ते, लागेल. इंजिनिअरने नकाशा बदलला आहे. शर्यती लांबीच्या दिशेने होणार, म्हणून फक्त समोरच्या आखूड भिंतीची पायरी काढायची. लांब बाजूंची पायरी राहणार. कायमची, नकाशात आखून. आणि समोरची फोडायचं काम योजनेतून, हाताने, जास्त माणसं लागावीत म्हणून यंत्र नाही. पंधरा दिवस. पहिलं नाव माझं.

समोरची भिंत. आजोबांची.

घरी आलो. पाणी प्यायलो, रेडिओच्या बातम्या संपू दिल्या. मग सांगितलं. आजोबांनी रेडिओ बंद केला. मग खांदे हलायला लागले, मी घाबरलो—आणि हसत होते! खोकला लागेपर्यंत. आई धावत आली.

‘मंजूर झाले!’ तिला म्हणाले. ‘अगं, माझे ते पंधरा दिवस! मंजूर झाले एकदाचे!’

मग डोळे पुसून माझा हात धरला.

‘सावकाश फोड रे. पुरव पंधरा दिवस. आणि आधी ठेंगूची बाजू.’